बिलातल्या अवांतर धावा

*टॉस झालाय, चहा आलाय, आणि स्क्रीनवर पाटी: ‘हे चॅनल तुमच्या पॅकमध्ये नाही.’ अशा वेळी ओरडायचं कुणावर? केबलवाल्यावर, कंपनीवर की स्वतःवर? एचडी स्पोर्ट्‌सच्या जादा पैशांची ही गोष्ट नालासोपाऱ्यातली आहे. पण बिल तुमच्याही घरी येतंच की!*

29 जून 2024. आठवतेय ना ती शनिवारची रात्र? बार्बाडोसला भारत-दक्षिण आफ्रिका, टी-ट्वेन्टी वर्ल्ड कपची फायनल. आम्ही नालासोपारा पूर्वेला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. त्याच महिन्यात पप्पांनी हप्त्यावर 43 इंची टीव्ही घेतला होता. रोज विरार फास्टमध्ये लटकून जाणारा माणूस स्वतःसाठी काही घेत नाही. टीव्ही घेतला तोही ‘पोरांना मॅच नीट दिसू दे’ म्हणून. शेजारचे काका-काकू, खालची दोन पोरं, सगळे सतरंजीवर बसलेले. मी एचडीचा नंबर दाबला आणि पाटी आली. चॅनल पॅकमध्ये नाही.

साधं स्पोर्ट्‌स चॅनल चालू होतं, पण नव्या मोठ्या स्क्रीनवर ते बघताना हिरवळीवर कुणीतरी पाणी सांडल्यासारखं दिसत होतं. पप्पांनी फोन लावला. ‘सर, एचडी स्पोर्ट्‌सचा अ‍ॅड-ऑन घ्यावा लागेल, टॅक्स धरून महिन्याला 75 रुपये.’ पप्पा म्हणाले, ‘करा चालू.’ मॅच सुरू होत असताना घासाघीस कोण करणार?

तो चालू होईपर्यंत आम्ही माझ्या मोबाइलवर मॅच लावली. आणि मग तुम्हालाही पाठ असलेला तो प्रकार झाला. समोरच्या बिल्डिंगमधून एकदम ‘अरे याऽऽर’ असा आवाज आला. आमच्या स्क्रीनवर रोहित अजून स्टान्स घेत होता. तो आउट होणार हे आम्हाला बॉल पडायच्या आधीच कळलं! स्ट्रीमिंगचं चित्र टीव्हीच्या मागे असतं, कधी काही सेकंद, कधी बरंच जास्त. पॉवरप्ले संपता संपता एचडी आलं आणि घरात शांतता झाली. शेवटच्या ओव्हरमध्ये सूर्यकुमारने बाउंड्रीवर मिलरचा कॅच घेतला, तेव्हा त्याचा बूट आणि दोरी यांच्यातली ती चिमूटभर जागा आम्ही डोळे फाडून पाहिली. 75 रुपये तिथेच वसूल झाले.

गोष्ट इथे संपायला हवी होती. ती संपली पुढच्या मार्चमध्ये. पप्पांच्या वतीने रिचार्ज करायला बसलो आणि सहज म्हणून बिलाचा तपशील उघडला. वर्ल्ड कपसाठी घेतलेला तो अ‍ॅड-ऑन जुलैपासून दर महिन्याला निवांत चालूच होता. 75 गुणिले 9. म्हणजे 675 रुपये. क्रिकेटच्या मराठी कॉमेंट्रीत एक सुंदर शब्द आहे, ‘अवांतर धावा’. बॅटला बॉल न लागता समोरच्याच्या खात्यात जमा होणाऱ्या. आमच्या बिलात नेमकं तेच झालं होतं.

बॉल किती पिक्सेलचा?

आधी एक प्रामाणिक कबुली. एचडी हा नुसता नखरा नाही. आपल्याकडच्या साध्या म्हणजे एसडी चित्रात आडवे 720 आणि उभे 576 ठिपके असतात. गुणाकार केला तर सव्वाचार लाखांच्या आत. फुल एचडीत 1920 गुणिले 1080, म्हणजे 20 लाखांच्या वर. पाचपट!

आता हे मैदानावर मोजू. समजा कॅमेऱ्यात मैदानाचा 30 मीटर रुंद भाग दिसतोय. क्रिकेटचा बॉल जेमतेम सात सेंटिमीटरचा. एचडीत त्या बॉलच्या वाट्याला रुंदीत साधारण साडेचार पिक्सेल येतात, एसडीत पावणेदोन. म्हणजे एसडीत आपण बॉल बघतच नाही, बॉल असेल अशी श्रद्धा ठेवतो. जुन्या 21 इंची डब्यावर ते खपून जायचं. मोठ्या स्क्रीनवर नाही खपत.

आणि आपल्या पट्ट्यात क्रिकेट म्हणजे लांबची गोष्ट थोडीच आहे? पृथ्वी शॉ विरारचा. किट खांद्याला लावून लोकलने वांद्र्याला जाणारं पोर, ज्याने 2013 मध्ये हॅरिस शील्डमध्ये 546 धावा काढल्या. शार्दूल ठाकूर आपल्या पालघरचा. 2021 मध्ये गाबावर त्याने 67 धावा केल्या तेव्हा आपल्या डब्यातला माणूस तिथे खेळतोय असंच वाटत होतं. आपल्या माणसाचा कव्हर ड्राइव्ह स्वच्छ बघावा ही मागणी चैनीची नाही.

थोडे जास्त पैसे द्यायला म्हणूनच कुणाची ना नाही. भांडण आहे ते ‘किती’, ‘कशाचे’ आणि ‘मला विचारलं होतं का’ या तीन प्रश्नांचं.

19 चा आकडा

तर मग बिल फोडून बघू. 1 फेब्रुवारी 2019 पासून देशात ट्रायची नवी दरपद्धत लागू झाली. तुम्ही तेव्हा शाळेत असाल. घरी ‘कुठली चॅनल ठेवायची’ यावरून झालेली महाभारतं आठवत असतील. त्याआधी कंपनी देईल ते पॅकेज घ्यायचं, एवढंच आपल्या हातात होतं. नव्या नियमाने प्रत्येक पे चॅनलची किंमत जाहीर करायला लावली आणि एकेक चॅनल सुटं घ्यायचा हक्क दिला.

बिलाचे तीन तुकडे झाले. पहिला, नेटवर्कचं भाडं. सुरुवातीला 100 चॅनलसाठी जास्तीत जास्त 130 रुपये, 18 टक्के जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे. दुसरा तुकडा पे चॅनलची किंमत. तिसरा कर.

आता एचडीची गंमत बघा. त्या वेळच्या दरपत्रकात स्टार स्पोर्ट्‌स 1 चं एसडी आणि एचडी, दोन्ही 19 रुपयांनाच होतं. मग एचडी महाग कसं पडायचं? कारण भाडं मोजताना एक एचडी चॅनल दोन एसडी चॅनलएवढं धरलं जायचं. 100 च्या वर गेलात की पुढच्या प्रत्येक 25 चॅनलना 20 रुपयांपर्यंत जादा. दहा एचडी चॅनल घेतली की वीस जागा भरल्या! किंमत तीच, पण पाहुण्याने दोन खुर्च्या अडवल्या.

आणि सगळ्यांचा भाव नेमका 19 च का? कारण 19 पेक्षा महाग चॅनल एकत्रित पॅकमध्ये, म्हणजे बुकेमध्ये घालायला बंदी होती. त्यामुळे ज्या चॅनलला मागणी आहे ते थेट 19 च्या दोरीला पाय लावून उभं. ट्रायने ही दोरी 1 जानेवारी 2020 च्या आदेशाने 12 रुपयांवर आणली. ब्रॉडकास्टर मुंबई उच्च न्यायालयात गेले. 30 जून 2021 ला न्यायालयाने 12 ची मर्यादा कायम ठेवली. आता स्वस्त होणार? छे! ब्रॉडकास्टरनी लोकप्रिय चॅनलची किंमत 12 च्या वर ठेवून ती बुकेबाहेर काढायची तयारी केली. म्हणजे ज्याला मॅच हवी त्याने सुटं, महाग घ्यायचं. शेवटी नोव्हेंबर 2022 मध्ये ट्रायनेच दोरी पुन्हा 19 वर नेली. जुलै 2024 मध्ये नेटवर्कच्या भाड्यावरची मर्यादाही उठली. आता ते भाडं तुमचा ऑपरेटर ठरवतो, फक्त त्याने ते जाहीर केलं पाहिजे. म्हणून मित्राच्या घरचं बिल आणि तुमचं बिल जुळेलच असं नाही.

चॅनलवाल्यांचीही बाजू आहे. 2023 ते 2027 या पाच वर्षांचे आयपीएलचे भारतातले टीव्ही हक्क 23,575 कोटींना गेले. एका मॅचला साडेसत्तावन्न कोटी. दोन्ही डावांचे 240 बॉल धरले तर एका बॉलला जवळपास 24 लाख. बीसीसीआयला गेलेला हा पैसा जाहिरातींतून आणि आपल्यासारख्यांच्या रिचार्जमधूनच वसूल व्हायचा. लिलावाचा आकडा फुटला की आपण टाळ्या वाजवतो. त्या आकड्याचा एक छोटा हप्ता आपल्याच घरून जातो, हे मात्र कुणी सांगत नाही.

मोर्चा कुणाचा, कुणावर?

आता सगळ्यात अवघड प्रश्न. चिडायचं कुणावर? आमच्याकडे याचं एक पारंपरिक उत्तर आहे: केबलवाला. तो हाताशी असतो, ओळखीचा असतो, बाइकवरून वायरचं भेंडोळं घेऊन फिरत असतो. मॅचच्या वेळी चित्र गेलं की पहिली शिवी त्यालाच.

पण 19 रुपये जातात कुठे ते बघा. 2017 च्या नियमांनुसार चॅनलच्या किमतीतले किमान 20 टक्के वितरकाला. म्हणजे 19 मधले 3 रुपये 80 पैसे वितरणाच्या साखळीत राहतात आणि बाकी साधारण 15 रुपये 20 पैसे ब्रॉडकास्टरकडे. त्या 3 रुपये 80 पैशांत मोठी केबल कंपनी आणि गल्लीतला ऑपरेटर असे दोघे. वेगळा करार नसेल तर वाटणी 55-45. म्हणजे बाइकवाल्याच्या हातात एका चॅनलमागे पावणेदोन रुपयांच्या आसपास! म्हणूनच डिसेंबर 2018 मध्ये मुंबई-महाराष्ट्रातले केबल ऑपरेटरच आधी रस्त्यावर आले. नव्या दरांच्या निषेधात 27 डिसेंबरला संध्याकाळी 7 ते 10 केबल बंद ठेवायची हाक त्यांनी दिली होती. ऐन सिरियलच्या वेळी!

ग्राहकांचं काय? 2019 च्या फेब्रुवारीत क्रिसिलने अंदाज दिला की सगळ्यात लोकप्रिय दहा चॅनल घेणाऱ्याचं बिल 230-240 वरून 300 च्या घरात जाऊ शकतं. ट्रायला तो मान्य नव्हता. वाद झाले, मुदती 31 मार्चपर्यंत वाढल्या. ज्यांनी चॅनल निवडलीच नव्हती त्यांना ऑपरेटरने स्वतःच ‘बेस्ट फिट प्लॅन’ लावावा असं ठरलं. निवडायचा हक्क हातात आला आणि बऱ्याच घरांनी तो ऑपरेटरलाच परत देऊन टाकला. आमच्याही.

फेब्रुवारी 2023 मध्ये तर मोठ्यांच्या भांडणात प्रेक्षकाचा सरळ रनआउट झाला. नव्या दरांचे करार करायला काही केबल कंपन्यांनी नकार दिला, तर ब्रॉडकास्टरनी 18 तारखेला त्यांची चॅनल बंद केली. केबल कंपन्यांच्या फेडरेशनच्या म्हणण्याप्रमाणे साडेचार कोटी घरांना फटका बसला. तेव्हा दिल्लीत भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी ऐन रंगात होती. दुसऱ्या दिवशी जडेजाने डावात सात विकेट घेतल्या. महिन्याचे पैसे आधीच भरलेली किती घरं ते बघू शकली नसतील! आठवडाभराच्या आत करार झाले आणि चॅनल परत आली. पण तोपर्यंत मॅच संपली होती.

मॅच नेमकी कुणाची?

हा प्रश्न आपल्या कोर्टांनी फार आधी विचारलाय. 1993 च्या हीरो कपचं प्रक्षेपण कुणी करायचं यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार भिडले. 9 फेब्रुवारी 1995 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सरकारची मक्तेदारी नाही, आणि कुणा खासगी कंपनीचीही नाही. हा निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींमध्ये आपले पी. बी. सावंत होते.

पुढे 2007 मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धची वन-डे मालिका खासगी चॅनलवर आणि दूरदर्शनकडे फीड नाही, असा पेच पडला. दिल्ली उच्च न्यायालयाने दूरदर्शनला सात मिनिटं उशिराने मॅच दाखवायला सांगितलं. कल्पना करा, सात मिनिटं! त्याच वर्षी कायदा झाला: राष्ट्रीय महत्त्वाच्या मॅचचं थेट फीड प्रसार भारतीला द्यावंच लागेल.

मग तुम्ही म्हणाल, भारताची वर्ल्ड कप मॅच डीडी स्पोर्ट्‌सवर फुकट दिसायला हवी. दिसते, पण इथे एक मेख आहे. ऑगस्ट 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे फीड दूरदर्शनच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणासाठी आणि त्याच्या स्वतःच्या डीटीएचसाठी, म्हणजे डीडी फ्री डिशसाठीच आहे. खासगी केबल-डीटीएचवरून ते दाखवता येणार नाही. म्हणजे ज्याच्या छपरावर बिनमहिन्याच्या भाड्याची फ्री डिश आहे, त्याला 29 जूनची फायनल डीडी स्पोर्ट्‌सवर दिसत होती. आणि दर महिन्याला रिचार्ज करणाऱ्या आमच्या घरी त्याच डीडी स्पोर्ट्‌सवर ती नव्हती! ही माहिती मी पप्पांना दिली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘चहा टाक.’

‘सोड रे, मोबाइलवर बघू’ म्हणणाऱ्यांसाठी: 2023 ची आयपीएल जिओसिनेमावर फुकट होती. त्यावर आपण सगळे किती खूश होतो! 2025 मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाले आणि तिथेही सबस्क्रिप्शन आलं. फुकट हा पॉवरप्ले असतो. पहिल्या सहा ओव्हर.

आमच्या बिल्डिंगने काय केलं?

तर ते 675 रुपये. मी चिडून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बिलाचा स्क्रीनशॉट टाकला. अर्ध्या तासात ‘आमचंही तेच’ असे मेसेज यायला लागले. त्याच कंपनीची छत्री असलेली अकरा घरं निघाली. कुणी वर्ल्ड कपला घेतलेलं, कुणी आयपीएलला, दोघांना तर आपण घेतलंय हेच माहीत नव्हतं. ‘ऑफिसवर जाऊन राडा करू’ असा प्रस्ताव अर्थातच आला. दुसऱ्या मजल्यावरच्या रिटायर्ड मॅडम म्हणाल्या, ‘राडा नंतर करा. आधी प्रत्येकाची तक्रार नोंदवा आणि नंबर घ्या.’

रविवारी सकाळी आम्ही तीन पोरं वही घेऊन घरोघरी फिरलो. प्रत्येकाच्या फोनवरून तक्रार केली, तक्रार क्रमांक लिहिला, अ‍ॅड-ऑन कधी चालू झाला ती तारीख लिहिली. मग अकरा नंबरांचं एकच पत्र कंपनीच्या नोडल ऑफिसरला मेल केलं. एकच प्रश्न विचारला: मुदत वाढवताना ग्राहकाला विचारल्याची नोंद दाखवा.

दोन आठवड्यांनी उत्तर आलं. अकराही घरांचे अ‍ॅड-ऑन बंद झाले. एका महिन्याचे 75 रुपये प्रत्येकाच्या खात्यात जमा झाले. बाकीचे पैसे नाही मिळाले. ‘ग्राहकाच्या विनंतीवरून सेवा सुरू केली होती’ असं त्यांचं म्हणणं. आणि ते खोटंही नव्हतं. पप्पांनीच ‘करा चालू’ म्हटलं होतं. बंद करा म्हणायचं मात्र कुणालाच आठवलं नव्हतं. दोन घरांनी सेवा मागितलीच नव्हती. त्यांची तक्रार आम्ही पुढे ग्राहक हेल्पलाइनकडे नेली आहे. हे लिहीपर्यंत तिचा निकाल लागलेला नाही.

मला यातून एक कळलं. एचडीचे पैसे जास्त आहेत का? असतील. त्यावर बोललंच पाहिजे. पण मॅचच्या रात्री फोनवर ओरडणं म्हणजे निषेध नव्हे, ती नुसती अपील. थर्ड अंपायरकडे जायचं तर फुटेज लागतं, आणि आपलं फुटेज म्हणजे बिल. घरात ते बिल वाचू शकेल असं माणूस बहुतेक वेळा तुम्हीच असता. आई-बाबा अंगठा दाबून रिचार्ज करतात, कारण ‘पोरांना मॅच बघायचीय’. मग त्यांच्या पैशांवर एक नजर ठेवणं आपल्याकडेच आलं ना?

पुढची स्पर्धा आली की पप्पा पुन्हा एचडी घेणार आहेत. त्या स्क्रीनवर मॅच बघताना त्यांचा चेहरा बघाल, तर तुम्हीही नाही म्हणणार नाही. फक्त या वेळी फायनलच्या दुसऱ्या दिवसाचा अलार्म माझ्या मोबाइलमध्ये लावलेला आहे. नाव दिलंय: ‘डाव घोषित’.

आज रात्री एवढं करा

• बिल किंवा अ‍ॅप उघडून नेटवर्कचं भाडं, चॅनलचे पैसे आणि जीएसटी असे तीन तुकडे वेगळे लिहा. सेट-टॉप बॉक्सवर 999 नंबरला ग्राहक माहितीचं चॅनल असतं, तेही बघा.

• एकाच बुकेमध्ये एका चॅनलचं एसडी आणि एचडी दोन्ही घालता येत नाही. वेगवेगळ्या पॅकमधून तुम्ही दोन्हींचे पैसे भरताय का, ते तपासा. एक काढा.

• पाच एचडी स्पोर्ट्‌स चॅनल 19 रुपयांना धरली तर जीएसटीसह महिन्याला 112 रुपये 10 पैसे होतात, वर्षाला 1345 रुपये 20 पैसे. फक्त तीन महिने घेतली तर 336 रुपये 30 पैसे. अ‍ॅड-ऑन घेताना ‘हा आपोआप चालू राहणार का?’ हे विचारा आणि बंद करायची तारीख लिहून ठेवा.

• तक्रार आधी ऑपरेटरकडे. क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. मग नोडल ऑफिसर. ट्राय नियम करतं, पण एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही.

• तरी काम झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीची फी नाही.

• शक्यतो एकटे जाऊ नका. बिल्डिंगमधली अकरा बिलं एकत्र आली की समोरचा उत्तर देतो. आणि केबलवाल्या दादाला शिवी देण्याआधी ते पावणेदोन रुपये आठवा.